अवकाशाची विलंबित लय

१

२ एप्रिल १९६८ रोजी वॉशिंग्टनमधील अपटाउन चित्रगृहात स्टॅन्ली कुब्रिक यांच्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ या चित्रपटाचा पहिला खेळ झाला. पाठोपाठ न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस येथेही तो दाखविण्यात आला. या पहिल्या खेळांना आलेल्या प्रेक्षकांपैकी अनेकांची चुळबुळ सुरू झाली आणि काही जण मध्येच उठून गेले. त्यांची अस्वस्थता समजण्याजोगी होती. चित्रपट सुरू झाल्यावर जवळजवळ पंचवीस मिनिटे पडद्यावर कोणी एक शब्दही बोलत नाही. शेवटच्या वीस-बावीस मिनिटांतही संवाद नाही. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या समीक्षक रेनाटा ॲडलर यांना तो संमोहित करणारा आणि कमालीचा कंटाळवाणा यांच्या मध्ये कोठेतरी घुटमळणारा वाटला, पॉलीन केल यांनी पुढच्या वर्षी लिहिलेल्या निबंधात कल्पनाशून्य म्हणून त्याची संभावना केली. पहिल्या खेळांनंतर काही दिवसांतच कुब्रिक यांनी स्वतः चित्रपटातून सुमारे एकोणीस मिनिटांचा भाग काढून टाकला.

एकोणीस मिनिटे वजा झाल्यावरही चित्रपट वेगवान झाला नाही, ही या घटनेतील लक्षात घेण्याजोगी गोष्ट होय. वानरमानवांच्या दृश्यांतील काही भाग गेला, यानातील दौडीचे दृश्य आखूड झाले, अंतराळवीराच्या बाहेर पडण्याच्या तयारीची पुनरुक्ती टळली. परंतु उरलेल्या चित्रपटाची चाल तीच राहिली. संथपणा हा तेथे संकलनातील ढिलाईचा परिणाम असता, तर तो कात्रीने दूर झाला असता. तो रचनेच्या मुळाशीच होता.

१९६८ ते १९८२ या साधारण पंधरा वर्षांत विज्ञानपटाच्या क्षेत्रात जे चित्रपट आज अभिजात मानले जातात, त्यांपैकी बऱ्याच चित्रपटांवर हा एकच आक्षेप सातत्याने घेतला गेला आहे. नव्या पिढीचा प्रेक्षक तो अधिकच जोराने घेतो. या आक्षेपाला ‘जुना काळच संथ होता’ असे उत्तर देणे सोपे आहे. पण ते खरे नाही. त्याच काळातील हेरपट, युद्धपट आणि गुन्हेगारीपट पुरेसे गतिमान होते. तेव्हा अंतराळाकडे वळताच चित्रपटाची गती का मंदावली, हा प्रश्न शिल्लक राहतो. त्याचे उत्तर शोधताना आपल्या संगीतविचारातील विलंबित, मध्य आणि द्रुत हे लयभेद उपयोगी पडतात. विलंबित लय म्हणजे रेंगाळलेली द्रुत लय नव्हे. तीत दोन मात्रांमधील अंतर हेच गायकाचे कार्यक्षेत्र असते आणि ते अंतर भरण्याची जबाबदारीही त्याच्यावर असते. विज्ञानपटातील संथपणाचा इतिहास हा अशाच अंतराचा इतिहास आहे. ते अंतर कोणी कशाने भरले आणि कोणाला ते भरता आले नाही, यावरूनच त्या संथपणाचे मोल ठरवावे लागते.

२

या लयीची पूर्वपीठिका मूकपटाच्या अखेरच्या पर्वात सापडते. फ्रिट्स लांग यांचा ‘फ्राउ इम मोंट’ म्हणजेच ‘चंद्रावरील स्त्री’ हा जर्मन चित्रपट ऑक्टोबर १९२९ मध्ये बर्लिन येथे प्रदर्शित झाला. अग्निबाणशास्त्राचे आद्य अभ्यासक हेरमान ओबेर्ट हे त्याचे शास्त्रीय सल्लागार होते. अडीच तासांहून अधिक लांबीच्या या चित्रपटात यान आकाशात झेपावते ते जवळजवळ निम्मा चित्रपट संपल्यानंतर. त्यापूर्वी प्रचंड अग्निबाण त्याच्या कोठारातून हळूहळू बाहेर आणला जातो आणि लांग यांचा कॅमेरा ती मिरवणूक पुरेशा सावकाशीने पाहतो. त्यानंतर येते ती शून्याकडे जाणारी उलटी मोजणी. पुढे प्रत्यक्ष अंतराळ-उड्डाणांचे अविभाज्य अंग बनलेली ही मोजणी चित्रपटात आली ती नाट्याच्या गरजेतून. एक, दोन, तीन असे मोजत गेल्यास उड्डाण नेमके केव्हा होणार हे प्रेक्षकाला कळत नाही. शून्यापर्यंत उलटे मोजल्यास कळते. मूकपटात आवाज नसल्यामुळे आकड्यांच्या पाट्यांनी हे काम केले. काही क्षणांच्या घटनेला ताणून तिची प्रतीक्षा घडविण्याचे तंत्र विज्ञानपटाला येथे सापडले.

१९५० मध्ये आलेल्या ‘डेस्टिनेशन मून’ या अमेरिकी चित्रपटाने संथपणाचे दुसरे कारण पुढे आणले, ते म्हणजे शास्त्रीय प्रामाणिकपणा. निर्माते जॉर्ज पाल आणि दिग्दर्शक आयर्व्हिंग पिशेल यांच्या या कृतीच्या पटकथेत विज्ञानकथाकार रॉबर्ट हाइनलाइन यांचा सहभाग होता आणि चंद्रभूमीची रंगचित्रे चेस्ली बोनस्टेल यांनी तयार केली होती. अग्निबाण कसा चालतो हे समजावून देण्यासाठी चित्रपटाच्या मध्येच एक व्यंगचित्रपट दाखविला जातो. यानाच्या बाह्य भागावरून लोहचुंबकी बुटांनी चालणारे अंतराळवीर पाऊल उचलतात आणि पुन्हा टेकतात, त्या प्रत्येक पावलाला वेळ लागतो. येथील संथपणा शिक्षकाचा आहे. प्रेक्षकाला काही समजावयाचे आहे म्हणून चित्रपट थांबतो आणि ते समजले की पुढे सरकतो.

या दोन धारांखेरीज तिसरा एक स्रोत कमी परिचित, पण अधिक महत्त्वाचा आहे. कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळासाठी रोमन क्रॉइटर आणि कॉलिन लो यांनी १९६० मध्ये ‘युनिव्हर्स’ हा लघुपट तयार केला. ग्रह, तारे आणि दीर्घिका यांच्यामधून स्थिरपणे पुढे सरकणाऱ्या त्यातील कृष्णधवल दृश्यांचा कुब्रिक यांच्यावर खोल परिणाम झाला. या लघुपटाचे निवेदक डग्लस रेन हेच पुढे ‘२००१’ मधील हॅल या संगणकाचा आवाज झाले. विश्वाच्या विस्ताराचे भान घटनेविना, केवळ शांतपणे सरकणाऱ्या दृष्टीने देता येते, हे या लघुपटाने दाखवून दिले होते.

३

‘२००१’ ची निर्मितिप्रक्रिया पाहिली म्हणजे त्यातील संथपणा किती विचारपूर्वक आला होता हे ध्यानात येते. आर्थर क्लार्क यांच्या ‘द सेंटिनेल’ या कथेचे बीज घेऊन क्लार्क आणि कुब्रिक यांनी पटकथा रचली. आरंभीच्या आराखड्यात बरेच स्पष्टीकरण होते. परग्रहावरील जीवसृष्टीविषयी शास्त्रज्ञांच्या मुलाखती चित्रित करून त्या चित्रपटाच्या प्रारंभी जोडण्याचा बेत होता. कथानक उलगडून सांगणारे निवेदनही योजले होते. कुब्रिक यांनी मुलाखती वगळल्या आणि निवेदनही वगळले. ॲलेक्स नॉर्थ यांच्याकडून करवून घेतलेले पार्श्वसंगीतही बाजूला ठेवून त्यांनी योहान श्ट्राउस, रिखार्ड श्ट्राउस, लिगेटी आणि खाचातुरियान यांच्या आधीच अस्तित्वात असलेल्या रचना योजल्या. या सर्व वगळणुकीनंतर दृश्ये तेवढीच लांब राहिली. मात्र त्यांचा अर्थ सांगणारे कोणी उरले नाही. ‘डेस्टिनेशन मून’ मध्ये वेळ दिला होता तो समजण्यासाठी. येथे वेळ दिला गेला तो न समजलेल्या गोष्टीसमोर बसून राहण्यासाठी. विज्ञानपटाच्या इतिहासातील हा निर्णायक बदल होय.

या संथपणाला भौतिक आणि तांत्रिक कारणेही होती. भारहीन अवस्थेत माणूस धावू शकत नाही. चिकटणाऱ्या बुटांनी जपून पाऊल टाकणारी यानातील परिचारिका हे त्याचे साधे उदाहरण. ‘डिस्कव्हरी’ यानाची मुख्य प्रतिकृती सुमारे ५४ फूट लांब होती. प्रतिकृती प्रचंड भासावयाची तर तिचा पुढचा आणि मागचा भाग सारखाच सुस्पष्ट दिसला पाहिजे. त्यासाठी छिद्र अगदी लहान ठेवून एकेका चित्रचौकटीला काही सेकंदांचा प्रकाश द्यावा लागे. शिवाय अवजड वस्तू सावकाश हलली तरच ती अवजड वाटते, हा दृष्टीचा नियम आहे. ७० मिलिमीटर फीत आणि सिनेरामाचा विशाल पडदा यांवर ताऱ्यांची पार्श्वभूमी वेगाने सरकविली तर चित्र थरथरते, ही अडचणही होतीच. प्रदर्शनाच्या पद्धतीनेही या लयीला आधार दिला. आरक्षित आसने, पडदा काळाच असताना वाजणारे पूर्वसंगीत आणि ठरावीक मध्यंतर अशा थाटात मोठे चित्रपट त्या काळी दाखविले जात. प्रेक्षक नाटकाला यावे तसे वेळ काढून येत असे.

तथापि या कारणांनी संथपणाची शक्यता निर्माण होते. त्याची सार्थकता कलावंताला निर्माण करावी लागते. कुब्रिक यांनी ती कशी केली हे दोन स्थळांवरून पाहता येईल. मृत पशूच्या हाडाचा शस्त्र म्हणून उपयोग करावयास शिकलेला वानरमानव ते हाड आकाशात फेकतो आणि पुढच्याच चौकटीत त्या जागी अंतराळात तरंगणारे उपकरण दिसते. लाखो वर्षांचा मानवी इतिहास एका सांध्यात ओलांडला जातो. त्यानंतर लगेच यान अवकाशस्थानकाला जोडले जाण्याच्या साध्या क्रियेला वॉल्ट्झच्या सुरावर कित्येक मिनिटे दिली जातात. ज्याला इतिहास म्हणतात ते क्षणात संपते आणि एक दरवाजा दुसऱ्या दरवाजापर्यंत पोहोचावयास मात्र वेळ लागतो. काळाच्या मापांची ही उलथापालथ प्रेक्षकाच्या शरीराला जाणवते, ती संथपणामुळेच.

दुसरे स्थळ हॅलच्या अंताचे. बोमन हा अंतराळवीर संगणकाच्या स्मृतीचे खंड एकेक करून सोडवितो. पार्श्वसंगीत नाही, ऐकू येतो तो शिरस्त्राणातील श्वास आणि हॅलचा विनवणीचा स्वर. खंडामागून खंड निघत जातात तसतसा तो स्वर जड होतो, लांबतो आणि अखेरीस एक जुने गाणे म्हणता म्हणता विझून जातो. चित्रपटातील सर्वांत बोलके पात्र यंत्र आहे आणि त्या यंत्राचे मरण म्हणजे लय मंदावत जाणे आहे. हे दृश्य निम्म्या वेळात उरकले असते तर तो एका बिघडलेल्या यंत्राचा बंदोबस्त झाला असता. त्याच्या लांबीमुळेच तो वध वाटतो.

डिसेंबर १९६८ मध्ये अपोलो ८ ने चंद्राची प्रदक्षिणा केली आणि जुलै १९६९ मध्ये मानव चंद्रावर उतरला. जगभर दूरचित्रवाणीवर पाहिल्या गेलेल्या त्या दृश्यांत तासन्‌तास फारसे काही घडत नव्हते. धूसर आकृत्या जपून पावले टाकीत होत्या आणि कोट्यवधी लोक श्वास रोखून पाहत होते. प्रत्यक्ष अंतराळाची लय विलंबितच असल्याचे या प्रक्षेपणाने सिद्ध केले. एव्हाना ‘२००१’ ला त्याचा प्रेक्षकही मिळाला होता. पहिल्या खेळांतील निमंत्रितांपेक्षा वयाने लहान असलेली पिढी तो पुनःपुन्हा पाहावयास येत होती.

४

आंद्रेई तारकोव्हस्की यांचा ‘सोलारिस’ १९७२ मध्ये आला आणि कान महोत्सवात त्याला परीक्षकांचा विशेष सन्मान लाभला. दोन तास सत्तेचाळीस मिनिटांच्या या रशियन चित्रपटाला ‘२००१’ चे सोव्हिएत उत्तर म्हणण्याची प्रथा आहे. दोन्ही चित्रपट संथ आहेत, एवढ्यावरून त्यांना एका पंक्तीला बसविले जाते. पण त्यांच्या संथपणाची दिशा परस्परविरुद्ध आहे आणि या विरोधातच विज्ञानपटाच्या लयविचाराचे मर्म आहे.

तारकोव्हस्की यांना ‘२००१’ मधील यंत्रांविषयीचे कुतूहल कृत्रिम वाटत असे. ट्राममध्ये चढणाऱ्या माणसाला ट्राम ही नवलाची वस्तू नसते; तेव्हा भविष्यकाळातील माणसाने आपल्या यानाकडे टक लावून पाहत राहणे त्यांना खोटे वाटले. त्यांनी आपली भूमिका ‘सोलारिस’ मध्ये शब्दशः पाळली. क्रिस केल्विनचा पृथ्वीपासून सोलारिस ग्रहाच्या स्थानकापर्यंतचा प्रवास एक-दोन मिनिटांत आटोपतो. त्यातही पडद्यावर प्रामुख्याने दिसतात ते त्याचे डोळे. कुब्रिक यांनी ज्या गोष्टीला चित्रपटाचा मोठा भाग दिला, ती तारकोव्हस्की यांनी जवळजवळ गाळूनच टाकली. उलट चित्रपटाची पहिली सुमारे चाळीस मिनिटे पृथ्वीवर जातात. तळ्यातील पाणवनस्पतींची हालचाल, वडिलांचे लाकडी घर, ओसरीवर अचानक कोसळणारा पाऊस आणि त्यात भिजत बसलेला केल्विन यांना कॅमेरा सोडावयास तयार नाही. स्तानिस्लाव्ह लेम यांच्या १९६१ मधील मूळ कादंबरीचा प्रारंभ थेट अंतराळप्रवासाने होतो. पृथ्वीवरील हा संपूर्ण भाग तारकोव्हस्की यांची भर आहे.

याच भागात एक दीर्घ मोटारप्रवास येतो. जपानमधील टोकियो शहरात चित्रित केलेल्या या दृश्यात मोटार बोगद्यांतून आणि उड्डाणरस्त्यांवरून सुमारे पाच मिनिटे धावत राहते. हळूहळू वाहनांची गर्दी वाढते, एदुआर्द आर्तेम्येव्ह यांचे इलेक्ट्रॉनिक ध्वनी रस्त्याच्या आवाजात मिसळतात आणि अखेरीस रात्रीच्या शहराचा प्रकाशमय कल्लोळ पडद्यावर पसरतो. लगेच दिसते ते शांत घर आणि तळे. हे दृश्य अनेकांना अकारण लांबलेले वाटले आहे. त्याचा अर्थ उत्तरार्धात कळतो. ग्रहांमधील अंतर पार करावयास जेथे दोन मिनिटे पुरतात, तेथे घर सोडून जाणाऱ्या माणसाला शहर ओलांडावयास पाच मिनिटे लागतात. अंतर मोजण्याचे माप येथे बदलले आहे.

स्थानकावर केल्विनला भेटते ती त्याची मृत पत्नी हारी. ग्रहावरील विचारशील महासागराने त्याच्या स्मृतीतून घडविलेली. प्रथम तो तिला यानात घालून दूर पाठवून देतो. ती परत येते. दुसऱ्या वेळी त्याला घाई करता येत नाही. स्थानक काही क्षण भारहीन होते, तेव्हा ग्रंथालयात ती दोघे हवेत तरंगतात, बाखचे संगीत ऐकू येते आणि तत्पूर्वी कॅमेरा ब्रॉइगेलच्या हिमाच्छादित गावाच्या चित्रावरून सावकाश फिरलेला असतो. हारीने ते चित्र पाहिले आहे आणि त्यातून मानवी स्मृती म्हणजे काय याचा तिला काही अंदाज येऊ लागला आहे. पाहण्याच्या क्रियेतून माणूसपण प्राप्त होते, हा या दृश्याचा आशय असेल, तर पाहण्याला लागणारा वेळ काढून घेणे म्हणजे तो आशयच काढून घेणे ठरते. लेम यांना हे रूपांतर मान्य नव्हते. अज्ञाताच्या आकलनाची मर्यादा हा त्यांच्या कादंबरीचा विषय होता आणि चित्रपटाने तिच्या जागी सदसद्विवेकाचे नाट्य ठेवले, अशी त्यांची तक्रार होती. ती कादंबरीच्या दृष्टीने रास्त आहे. परंतु त्या तक्रारीतूनच चित्रपटाचे वेगळेपण सिद्ध होते. कुब्रिक यांचा संथपणा विस्मयाचा आहे, तारकोव्हस्की यांचा पश्चात्तापाचा.

हीच कादंबरी स्टीव्हन सोडरबर्ग यांनी २००२ मध्ये पुन्हा पडद्यावर आणली, तेव्हा चित्रपट ९९ मिनिटांत संपला. तो निष्ठेने केलेला प्रयत्न आहे आणि त्यातील पती-पत्नीची कथा अधिक सुबोधही झाली आहे. मात्र त्यात तळे नाही आणि पाऊस भोगणारी ओसरी नाही. परिणामी केल्विनने काय गमावले हे प्रेक्षकाला सांगितले जाते, पण गमावण्याजोगे असे काही त्याच्या स्वतःच्या अनुभवात जमा झालेले नसते.

५

तारकोव्हस्की यांचा ‘स्टॉकर’ १९७९ मध्ये पूर्ण झाला. अर्काडी आणि बोरिस स्त्रुगात्स्की या बंधूंच्या ‘रोडसाइड पिकनिक’ या कादंबरीवर तो आधारलेला आहे. एस्टोनियातील ताल्लिन शहराच्या परिसरात, ओसाड जलविद्युत केंद्रांच्या आवारात त्याचे चित्रीकरण झाले. बाह्यचित्रणाचा बराच मोठा भाग प्रयोगशाळेतील प्रक्रियेत वाया गेला. छायाचित्रकार बदलला आणि चित्रपट जवळजवळ पुन्हा चित्रित करावा लागला. पूर्ण झालेल्या कृतीत सुमारे १६० मिनिटांत केवळ १४२ चित्रखंड आहेत. म्हणजे प्रत्येक चित्रखंड सरासरीने एक मिनिटाहून अधिक काळ पडद्यावर राहतो.

सोव्हिएत चित्रपट समितीतील अधिकाऱ्यांनी या चित्रपटाची गती थोडी वाढविण्याची सूचना केली होती. त्यावर तारकोव्हस्की यांनी दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे. चित्रपटाचा आरंभ आणखी संथ आणि नीरस हवा, म्हणजे चुकून भलत्याच चित्रगृहात शिरलेल्यांना मुख्य भाग सुरू होण्यापूर्वी निघून जाण्यास सवड मिळेल, असे ते म्हणाले. हे उत्तर उद्दामपणाचे वाटते. आणि त्यात उद्दामपणा नाही असे म्हणणे पक्षपाताचे होईल. तरीही त्यात एक मर्मदृष्टी आहे. चित्रपटातील निषिद्ध प्रदेशात, ‘झोन’मध्ये, सरळ वाटेने आणि घाईने जाणाऱ्याचा नाश होतो, असा वाटाड्याचा विश्वास आहे. तो कापडाची पट्टी बांधलेले लोखंडी नट पुढे फेकतो, ते पडले तेथवर जातो आणि मग पुन्हा फेकतो. सोबतचा लेखक आणि प्राध्यापक यांना हे कर्मकांड हास्यास्पद वाटते. पडद्यावर धोक्याचा एकही पुरावा दिसत नाही. प्रेक्षकाने वाटाड्यावर विश्वास ठेवावा की लेखकाप्रमाणे सरळ चालू लागावे, हा प्रश्न त्याच्या स्वतःच्या अधीरतेशी जोडला जातो. जो कंटाळतो तो लेखकाच्या बाजूला गेलेला असतो.

झोनमध्ये शिरण्याचा प्रवास रुळांवरून चालणाऱ्या लहान गाडीवर होतो. सुमारे चार मिनिटे पडद्यावर तिघांची डोकी आणि मागची अस्पष्ट भूमी एवढेच दिसते. रुळांचा ठेका ऐकू येत राहतो. तो कोणत्या क्षणी इलेक्ट्रॉनिक नादात परिवर्तित झाला हे कळत नाही. मग एकाएकी तपकिरी चित्र जाऊन हिरवा रंग येतो. सीमा ओलांडण्याचा क्षण प्रेक्षकाला नेमका दाखविता येत नाही, कारण तो ठेक्यात विरघळलेला असतो. चित्रपट सात वर्षांचा झाला तेव्हा, एप्रिल १९८६ मध्ये, चेर्नोबिल येथील अणुकेंद्रात स्फोट झाला आणि रिकामी गावे, गवताने गिळलेले रस्ते असा निषिद्ध प्रदेश प्रत्यक्षात निर्माण झाला. त्या प्रदेशात चोरून जाणारे लोक पुढे स्वतःला ‘स्टॉकर’ म्हणवू लागले. तारकोव्हस्की यांचे त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये पॅरिस येथे निधन झाले. चित्रपटाने भविष्य वर्तविले होते असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु जेथे धोका दिसत नाही तेथे जपून पाऊल टाकण्याची जी वृत्ती त्याने लयीतून शिकविली, ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धाला किती आवश्यक होती हे त्या घटनेने दाखवून दिले.

६

या लयीला बाजूला सारणारी शक्ती त्याआधीच अवतरली होती. मे १९७७ मध्ये जॉर्ज लुकास यांचा ‘स्टार वॉर्स’ प्रदर्शित झाला. याच लुकास यांचा १९७१ मधील ‘टीएचएक्स ११३८’ हा मितभाषी आणि थंड चालीचा विज्ञानपट होता, हे सहसा आठवले जात नाही. ‘स्टार वॉर्स’चे प्रथम झालेले संकलन मंद वाटल्यामुळे त्यांनी ते रद्द केले आणि काम नव्या संकलकांकडे सोपविले. अंतराळातील लढायांची गती ठरविण्यासाठी दुसऱ्या महायुद्धातील विमानयुद्धांच्या चित्रफिती नमुना म्हणून वापरण्यात आल्या. येथे अवकाश म्हणजे आकाशच होय; त्यात वळणे, सूर मारणे आणि गर्जना करणे शक्य असते. हा चित्रपट आपल्या जागी निर्दोष आहे. त्याच्या यशाने मात्र विज्ञानपटाचे मध्यवर्ती नाते प्रतीक्षेकडून पाठलागाकडे वळविले.

द्रुत लयीचे राज्य सुरू झाल्यावर विलंबित लयीचे काय झाले, याची दोन उदाहरणे उद्बोधक आहेत. रॉबर्ट वाइझ यांचा ‘स्टार ट्रेक : द मोशन पिक्चर’ डिसेंबर १९७९ मध्ये आला. त्यात जुना कप्तान आपले नूतनीकरण झालेले यान पाहावयास जातो, तेव्हा त्या यानाभोवतीची प्रदक्षिणा पाच-सहा मिनिटे चालते. चमत्कृतिदृश्यांचे काम ‘२००१’ शी संबंधित असलेल्या डग्लस ट्रम्बल यांच्याकडेच होते आणि जेरी गोल्डस्मिथ यांचे संगीतही भारदस्त होते. तरी हा संथपणा प्रेक्षकांनी थट्टेवारी नेला. त्याचे एक कारण निर्मितीच्या इतिहासात आहे. प्रदर्शनाची तारीख आधीच ठरलेली होती, चमत्कृतिदृश्ये अखेरच्या आठवड्यांत हाती आली आणि चित्रपट प्रेक्षकांसमोर अजमावून पाहण्यास वा नीट संकलित करण्यास अवधीच उरला नाही. वाइझ हे ‘सिटिझन केन’चे संकलक, त्यांना २००१ मध्ये हे काम पुन्हा हाती घेऊन सुधारित आवृत्ती काढावी लागली. घाईमुळे संथ झालेला चित्रपट, असे या कृतीचे वर्णन करता येईल. कुब्रिक यांच्या दृश्यात वेळ अज्ञातासाठी राखलेला होता. येथे तो प्रेक्षकाच्या आधीच ओळखीच्या असलेल्या वस्तूच्या कौतुकासाठी खर्च झाला. संथपणा हा स्वतः गुण नसतो, हे या उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

दुसरे उदाहरण रिडली स्कॉट यांच्या ‘ब्लेड रनर’चे. जून १९८२ मधील प्रदर्शनापूर्वी झालेल्या चाचणी-खेळांत प्रेक्षकांना तो मंद आणि दुर्बोध वाटला. त्यावर उपाय म्हणून नायकाच्या आवाजातील निवेदन जोडण्यात आले आणि सुखान्त शेवट चिकटविण्यात आला. त्या शेवटासाठी कुब्रिक यांच्याच ‘द शायनिंग’ करिता चित्रित झालेली, पण न वापरलेली डोंगररस्त्यांची दृश्ये घेण्यात आली, हा एक विलक्षण योगायोग. चौदा वर्षांपूर्वी कुब्रिक यांनी निवेदन काढून जे साधले, ते येथे निवेदन घालून मोडण्यात आले. १९९२ मध्ये निवेदन आणि तो शेवट दोन्ही वगळलेली आवृत्ती आली, तेव्हा पावसात भिजणारे ते शहर प्रथमच निःशब्दपणे पाहता आले आणि चित्रपटाची प्रतिष्ठा वाढत गेली. वेग न वाढविता केवळ स्पष्टीकरण काढून घेतल्याने तोच चित्रपट अधिक अर्थपूर्ण झाला.

पुढील काळात ही लय पूर्णपणे लुप्त झाली नाही. डेनी व्हिलन्यूव्ह यांच्या ‘अरायव्हल’ (२०१६) आणि ‘ब्लेड रनर २०४९’ (२०१७) या चित्रपटांत ती जाणीवपूर्वक पुनरुज्जीवित केलेली दिसते. पैकी दुसऱ्याची लांबी १६३ मिनिटे आहे. त्याला समीक्षकांची दाद मिळाली. तिकीटबारीवर मात्र अपेक्षित यश मिळाले नाही. २०१८ मध्ये कान महोत्सवात ‘२००१’ ची ७० मिलिमीटरची नवी प्रत कोणतीही आधुनिक सुधारणा न करता दाखविण्यात आली. पन्नास वर्षांपूर्वी ज्या मिनिटांनी प्रेक्षक बेचैन झाले होते, ती पाहण्यासाठी आता लोक रांगेत उभे होते.

७

या इतिहासातून एक निष्कर्ष काढता येतो. अभिजात विज्ञानपटातील संथपणा एकजिनसी नाही. लांग यांनी त्याचा उपयोग उत्कंठेसाठी केला आणि ‘डेस्टिनेशन मून’ने शिकवणुकीसाठी. कुब्रिक यांच्या हाती तो विस्मयाचे साधन झाला; तारकोव्हस्की यांच्या हाती आत्मपरीक्षणाचे. जेथे यांपैकी काहीच नव्हते तेथे तो केवळ लांबण ठरला आणि त्या लांबणीचे समर्थन करण्याची गरज नाही. समीक्षेने प्रत्येक दीर्घ चित्रखंडापुढे नतमस्तक होणे हे प्रेक्षकाने प्रत्येक दीर्घ चित्रखंडाला कंटाळण्याइतकेच आळसाचे लक्षण आहे.

मराठीत ‘अवकाश’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक ताऱ्यांमधील रिक्त विस्तार, दुसरा सवड. ‘अजून अवकाश आहे’ असे म्हणणारा माणूस आकाशाविषयी बोलत नसतो. तो हातात उरलेल्या वेळाविषयी बोलत असतो. या चित्रपटांनी पहिला अवकाश दाखविण्यासाठी दुसऱ्याची मागणी केली. माणसाहून मोठ्या, त्याला न ओळखणाऱ्या, कदाचित त्याच्याशी कधीच न बोलणाऱ्या अशा काही गोष्टी विश्वात आहेत, हे सांगावयास एक वाक्य पुरे होते. ते जाणवून देण्यासाठी मात्र प्रेक्षकाला उत्तराविना काही काळ बसवून ठेवावे लागते. ‘सोलारिस’च्या अखेरीस केल्विन वडिलांच्या घरापाशी पोहोचतो. घराच्या आत पाऊस पडत असतो. कॅमेरा वर जातो, ढगांतून मागे सरतो आणि ते घर, ते तळे, ती झाडे त्या परक्या महासागरातील एका लहानशा बेटावर असल्याचे उघड होते. हे उघड होण्यासाठी जो वेळ लागतो तो कापता येत नाही. कारण तेवढ्याच वेळात केल्विन घरी पोहोचलेला असतो.